चौकातले बाबासाहेब, आवारातला मनू

साठच्या दशकात पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत सुट्ट्यांवरून वाद पेटला. स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेने बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंती या दोन सुट्ट्या रद्द केल्या आणि त्यांच्याऐवजी दुसऱ्या दिल्या. चतुर्थ श्रेणीतल्या एका कर्मचाऱ्याने त्याला उघड विरोध केला. त्यांचं नाव दीनाभाना. ते मूळचे राजस्थानातले, जयपूरकडचे, आणि वाल्मीकी समाजातले. शहराची घाण उपसण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या या समाजाच्या माथी मारलेलं होतं. विरोधाची शिक्षा म्हणून दीनाभाना निलंबित झाले.

त्याच प्रयोगशाळेत पंजाबच्या रोपड जिल्ह्यातून आलेला एक तरुण अधिकारी नोकरी करत होता. आंबेडकर या नावाशी त्याची तोवर फारशी ओळख नव्हती. एका साध्या कर्मचाऱ्याने जयंतीच्या सुट्टीसाठी नोकरी पणाला लावावी, याचंच त्याला नवल वाटलं. या माणसात असं काय आहे, हे समजून घ्यावं म्हणून त्याने सहकारी डी. के. खापर्डे यांच्याकडून डॉ. आंबेडकरांचं जातिनिर्मूलनावरचं पुस्तक घेतलं आणि वाचताना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असं तो पुढे सांगत असे. हा अधिकारी म्हणजे कांशीराम. दीनाभानांचं निलंबन मागे घ्यावं लागलं, सुट्ट्याही परत मिळाल्या. कांशीराम यांनी मात्र पुढे नोकरी सोडली, घरदार सोडलं. त्यांनी उभ्या केलेल्या बामसेफ या कर्मचारी संघटनेची औपचारिक स्थापना ६ डिसेंबर १९७८ ची आणि बहुजन समाज पक्षाची १४ एप्रिल १९८४ ची. या तारखा का निवडल्या, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही.

बाबासाहेबांचा विचार महाराष्ट्रातून उत्तरेत कसा गेला, याची चर्चा आपल्याकडे नेहमी ‘आपण दिला’ या थाटात होते. पुण्याच्या या प्रसंगात तो थाट टिकत नाही. इथे जयपूरकडच्या वाल्मीकी माणसाने पुण्यात येऊन बाबासाहेबांसाठी भांडण मांडलं आणि पंजाबी माणसाला वाचतं केलं. नेत्याचे शब्द लोकांना प्रेरणा देतात, हे वाक्य जयंतीच्या प्रत्येक भाषणात येतं आणि टाळ्यांत विरून जातं. प्रेरणा मिळाली म्हणजे नक्की काय झालं, ती मिळालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं, हे विचारलं तरच त्या वाक्याला काही वजन येतं.

जयपूर त्यासाठी पाहण्यासारखं आहे.

मुरलीपुऱ्यासारख्या सीकर रोडच्या अंगाने वाढलेल्या वसाहतीतून कोर्टाच्या कामासाठी निघालेला पक्षकार राजस्थान उच्च न्यायालयापाशी पोहोचतो, तेव्हा बाहेरच्या चौकात त्याला डॉ. आंबेडकरांचा पुतळा दिसतो. चौकाला नावही त्यांचंच. फाटकातून आत गेलं की आवारात दुसरा पुतळा उभा आहे, मनूचा. राज्यघटनेचा शिल्पकार रस्त्यावर उन्हापावसात आणि स्मृतिकार न्यायालयाच्या अंगणात. एखाद्या नाटककाराने ही मांडणी रंगमंचावर केली असती, तर समीक्षकांनी ती फार ढोबळ म्हणून नाकारली असती.

मनूचा पुतळा काही संस्थानी काळातला नाही. तो १९८९ मध्ये, न्यायिक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने, आवाराच्या सुशोभीकरणाच्या निमित्ताने बसवला गेला. विरोध झाला, वकिलांमध्ये दोन तट पडले आणि त्याच वर्षी न्यायमूर्तींच्या बैठकीत पुतळा हलवण्याचा निर्णयही झाला. त्याविरुद्ध विश्व हिंदू परिषदेचे आचार्य धर्मेंद्र याचिका घेऊन गेले आणि स्थगिती मिळाली. पुतळा तेव्हापासून तिथेच आहे. २०१५ मध्ये सुनावणी निघाली, तर न्यायदालनातच गोंधळ झाला आणि प्रकरण पुन्हा थंड पडलं.

या पुतळ्याने महाराष्ट्राला सतत अस्वस्थ केलं. हमाल पंचायतीचे आणि ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळीचे बाबा आढाव यांनी महाडहून थेट जयपूरपर्यंत मोर्चा नेला होता. महाड ही निवड अर्थातच विचारपूर्वक होती. पुढे ८ ऑक्टोबर २०१८ रोजी औरंगाबादहून गेलेल्या कांताबाई अहिरे आणि शीला पवार या दोन बायका उच्च न्यायालयाच्या आवारात शिरल्या, चौथऱ्यावर चढल्या आणि त्यांनी मनूच्या पुतळ्याला काळं फासलं. त्यांना अटक झाली. देशभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली, काहींनी त्यांना वीरांगना म्हटलं, काहींनी गुंड. दोन्ही शब्द सोपे आहेत.

त्या औरंगाबादच्या होत्या, याचाही विचार करावा. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. विद्यापीठाला त्यांचं नाव मिळावं म्हणून १९७८ पासून जो झगडा झाला, त्यात मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळल्या आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. अशा शहरातल्या कष्टकरी वस्तीत बाबासाहेब पुस्तकातून येतात तितकेच गाण्यातून येतात. वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांतून, जलशांतून, आजीच्या ओव्यांतून येतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही महाडला काय घडलं, हे तपशिलासकट माहीत असतं. ज्याला प्रबोधनाचा इतिहास म्हणून परीक्षेपुरतं पाठ करतात, ते तिच्या घरात माहेरच्या आठवणीसारखं बोललं जातं.

महाडला काय घडलं होतं? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मंजूर करून घेतला होता आणि महाड नगरपालिकेने तो १९२४ मध्ये मान्यही केला होता. कागद तयार होता, पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले आणि सवर्णांनी शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे होते गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. आडनाव पाहून अनेकजण अजूनही चमकतात.

या कथेतला पुढचा भाग मात्र गाण्यांत फारसा येत नाही. डिसेंबरच्या परिषदेआधीच सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. चवदार तळं खासगी मालमत्ता आहे, असा त्यांचा दावा. मंडपात जमलेले हजारो लोक सत्याग्रहाला उतावीळ होते, अनेकजण तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि सत्याग्रह तहकूब केला. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून आले. पाण्याला कुणी हात लावला नाही. मग बाबासाहेब बॅरिस्टरचा झगा चढवून तो दावा लढत राहिले. खालच्या न्यायालयापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने अंतिम निकाल दिला. त्याला दहा वर्षं लागली.

दहन आणि मनाई हुकूम पाळणं, दोन्ही एकाच परिषदेतलं आहे. ज्याला रस्त्यावरचा लढा आवडतो तो पहिलं उचलतो, ज्याला कायद्याचं राज्य आवडतं तो दुसरं. बाबासाहेबांनी दोन्ही एकाच आठवड्यात केलं. त्याच परिषदेत त्यांनी बायकांशी वेगळा संवाद साधला, मुलींना शिकवा म्हणाले, जात ओळखू येईल अशा लुगड्याच्या पद्धती सोडा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी अनेकजणी नव्या पद्धतीने लुगडं नेसून आल्या. २५ डिसेंबर हा दिवस आज अनेक आंबेडकरी स्त्री-संघटना भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. काळा रंग घेऊन जयपूरला निघालेल्या दोघी या वारशातल्या होत्या, हे नाकारून चालणार नाही.

पण मग २५ नोव्हेंबर १९४९ चं काय करायचं?

संविधान सभेतल्या त्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की आता घटनात्मक मार्ग उपलब्ध झाले आहेत, तेव्हा रक्तरंजित क्रांतीचेच नव्हे, तर सविनय कायदेभंगाचे, असहकाराचे आणि सत्याग्रहाचेही मार्ग सोडून दिले पाहिजेत. हे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं त्यांनी त्यांना संबोधलं. चवदार तळ्याचा आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह करणारा माणूस हे बोलत होता. या कसोटीवर पुतळ्याला काळं फासणं उतरत नाही. आंबेडकरी म्हणवणाऱ्याने ते मोकळेपणाने मान्य करावं, उगाच शब्दांची ओढाताण करू नये.

तरीही त्या वाक्याला बाबासाहेबांनी जोडलेली अट वाचल्याशिवाय ते कुणाच्या तोंडावर फेकता येणार नाही. घटनात्मक मार्ग खुले असतील तर, अशी ती अट आहे. परकीय सरकारच्या राजवटीत, आणि तेही अस्पृश्याने चालवलेला महाडचा दावा दहा वर्षांत शेवटाला गेला. जयपूरच्या पुतळ्याचा वाद स्वतंत्र भारताच्या उच्च न्यायालयात १९८९ मध्ये सुरू झाला, आणि काळं फासलं गेलं तेव्हा त्याला एकोणतीस वर्षं उलटली होती. महाडच्या जवळजवळ तिप्पट. मार्ग कागदावर खुला आहे आणि प्रत्यक्षात त्यावरून कुणी पुढे सरकत नाही, अशी ही स्थिती. त्या दोघींनी फासलेला रंग चुकीचा होता असं म्हणायचा हक्क न्यायालयाला जरूर आहे, पण याचिकेवर निकाल दिल्यानंतर. पुतळा ठेवा असा निकाल असेल तर तोही कारणांसह द्यावा. निदान त्याविरुद्ध वर जाता येईल.

पुतळ्याला इतकं महत्त्व कशाला, असाही एक शहाणा प्रश्न असतो. जयपूर जिल्ह्यातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी यांच्या प्रकरणाने त्याचं उत्तर दिलेलं आहे. बालविवाह रोखायचं सरकारी काम केल्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं, आणि वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावतील यावर विश्वास ठेवता येत नाही, अशा धर्तीचा युक्तिवाद निकालपत्रात आला. मनू आवारात उभा असण्याने फरक पडतो की नाही, यावर वाद घालता येईल. तो निकालपत्रात उतरला होता, हे मात्र नोंदलेलं आहे. त्याच प्रकरणातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि राज्यघटनेच्या कलमांवर बोट ठेवून १९९७ मध्ये विशाखा निर्देश मिळाले. आज मुंबई-पुण्यातल्या कार्यालयांत लैंगिक छळाविरुद्धची जी समिती असते, तिचं मूळ जयपूरच्या पंचक्रोशीत आहे.

जयपूर जिल्ह्याचं स्वतःचं चवदार तळंही आहे. फागी भागातल्या चकवाडा गावच्या तलावाच्या सार्वजनिक घाटावर दलितांना आंघोळीची बंदी होती. डिसेंबर २००१ मध्ये बैरवा समाजातल्या दोघांनी तिथे उतरून आंघोळ केली. त्यानंतर दंड, बहिष्कार, धमक्या, सगळं क्रमाने आलं. सप्टेंबर २००२ मध्ये दलित संघटनांनी चकवाड्याकडे सद्भावना यात्रा काढली, तेव्हा हजारोंचा जमाव लाठ्याकाठ्या घेऊन वाटेत उभा राहिला, पोलिसांशी चकमक झाली आणि यात्रा गावात पोहोचलीच नाही. महाडनंतर पाऊण शतक उलटलं होतं. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट असे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. ते लिहिताना घटनाकारांसमोर कोणती तळी होती, हे वेगळं सांगायला नको. चकवाड्यातल्या बैरवांनी तलावात पाऊल टाकलं, ते या शब्दांच्या भरवशावर. त्या दिवशी तिथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

शब्द असे कसे पोहोचतात, याचं एक मजेशीर उदाहरण बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. कांशीराम यांची झोप उडवणारं पुस्तक मुळात एक भाषण आहे, आणि ते कधी झालंच नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांना दिलं, मग भाषणाचा मसुदा पाहून मंडळी बिचकली. काही मजकूर गाळा, अशी विनंती झाली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. सभागृहात झालं असतं तर कदाचित दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळींवर आटोपलं असतं. मंडळाने नकळत मोठंच काम केलं म्हणायचं.

पुढे हे शब्द कुठे कुठे गेले! हंगेरीतल्या शायोकाझा या गावात रोमा समाजाच्या मुलांसाठी २००७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू झाली. युरोपात ज्यांना शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं, त्या लोकांना आपल्या दुःखाची भाषा मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाकडे सापडली. बाबासाहेबांनी १९२० मध्ये काढलेल्या ‘मूकनायक’चं नाव घेऊन मीना कोटवाल या पत्रकार बाईंनी दिल्लीत बातम्यांचं संकेतस्थळ सुरू केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात २६ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. देशाचं सर्वोच्च न्यायालय या बाबतीत जयपूरच्या पुढे गेलं, एवढं तरी खरं.

मात्र पुतळ्यांच्या संख्येवर खूश होणाऱ्यांनी १९४९ च्याच भाषणाचं पुढचं पान उलटावं. धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला आणि भारतात ही भक्ती जगात कुठेही नसेल इतकी आहे, असं बजावलं. व्यक्तिपूजेविरुद्ध बोललेल्या माणसाचीच आपण पूजा मांडली, हा त्यातला पेच आहे. सर्व पक्षांचे नेते १४ एप्रिलला हार घेऊन रांगेत असतात, निवडणुकीच्या सभेत खिशातून घटनेची छोटी प्रत निघते, आणि भाषणात बाबासाहेबांची निवडक वाक्यं येतात. अडचणीची वाक्यं कुणी घेत नाही. हिंदुत्ववाद्यांना १९३६ चे बाबासाहेब नकोत, डाव्यांना मार्क्सवरची त्यांची टीका नको, सरकारला १९५३ चे नकोत. त्या वर्षी राज्यसभेत त्यांनी आपणच तयार केलेली घटना जाळायला आपण पहिले पुढे होऊ, असं संतापून सांगितलं होतं. आणि दोन वर्षांनी त्याचा खुलासा करताना, देवासाठी मंदिर बांधलं आणि त्यात राक्षस येऊन राहिला तर दुसरं काय करायचं, अशा आशयाचं उत्तर दिलं होतं.

एकमेकांशी भांडणारी ही वाक्यं एकाच माणसाची आहेत, आणि म्हणूनच ती जिवंत आहेत. सुभाषितांच्या कॅलेंडरवर छापता येतील अशी वाक्यं बोलणारे नेते पुष्कळ झाले. वाचणाऱ्याला स्वतः निवाडा करायला लावणारे थोडे. दीनाभानांनी सुट्टीसाठी नोकरी पणाला लावली, महाडच्या लोकांनी मनावर दगड ठेवून पाण्याला हात लावला नाही, चकवाड्याच्या लोकांनी पाण्यात पाय टाकला आणि औरंगाबादच्या दोघींनी रंगाचा डबा उचलला. चारही निवाडे वेगळे, त्यातला शेवटचा १९४९ च्या कसोटीवर उतरत नाही, पण प्रत्येकाला बाबासाहेबांकडे बोट दाखवता येतं. कोणतं बोट बरोबर, हे ठरवायला मूळ मजकूर हाताशी लागतो.

इथे महाराष्ट्र सरकारला थोडं ऐकून घ्यावं लागेल. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड छापायला राज्याने १९७९ मध्ये सुरुवात केली. वसंत मून यांच्या संपादनाखालचं ते काम देशातल्या कोणत्याही राज्याने मिरवावं असं होतं. हिंदू धर्मातल्या कोड्यांवरचा खंड आला, तेव्हा १९८८ च्या जानेवारीत प्रती जाळल्या गेल्या, फेब्रुवारीत मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला आणि अखेर मजकूर न गाळता खंड राहिला. त्याच खंडांची छपाई नंतर इतकी रेंगाळली की ‘लोकसत्ता’तली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. दरम्यान मुंबईत इंदू मिलच्या जागेवरच्या बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन २०१५ मध्येच झालं होतं. त्यातला पुतळा साडेतीनशे फुटांचा, चौथरा वेगळा. उंचीवरून चर्चा झाल्या, आराखडे बदलले. खंडांच्या प्रतींवरून मंत्रालयात कुणी इतका वेळ बसल्याचं ऐकिवात नाही.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांभोवती जी गर्दी होते, ती पाहिली तर मागणी नाही असं कोणताही अधिकारी म्हणू शकणार नाही. गावाकडून रेल्वेने आलेला माणूस पिशवीत भाकरी बांधून आणतो आणि परत जाताना त्याच पिशवीत पुस्तकं नेतो. त्याला सरकारी खंड स्वस्तात, मराठीत आणि मागेल तेव्हा मिळाले पाहिजेत. हिंदीतही छापून राजस्थान, उत्तर प्रदेशकडे पाठवायला हवेत. दीनाभानांच्या जिल्ह्यात ते वाचणारे आहेत.